सीएसएमटीची इमारत कशी पाहावी: आराखडा, दगड, कोरीवकाम आणि फलाट

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या घुमटाखालून एकही गाडी जात नाही आणि कधी गेलेलीही नाही. रोज इथून लोकल पकडणाऱ्या बहुतेकांनी तो घुमट आतून पाहिलेला नसतो, कारण त्याच्याखाली आहे तो कार्यालयाचा जिना. एवढे आधी ध्यानात घेतले की बाकीची इमारत भराभर उलगडत जाते. रस्त्यावरून दिसते ते रेल्वे कंपनीचे मुख्यालय. रूळ आणि फलाट हे त्याला लागून उभे असलेले वेगळे बांधकाम. या दोहोंचा सांधा म्हणजे तिकीटघराचे दालन. तिघांचे काम वेगळे, म्हणून छतही वेगळे आणि साहित्यही वेगळे. सगळे एकदम पाहायला गेले की नजर कोरीवकामात हरवते आणि आराखडा हाती लागत नाही. म्हणून या लेखातला क्रम असा: आधी आराखडा, मग दर्शनी बाजूची मांडणी, मग दगड, कोरीवकाम त्यानंतर आणि फलाट शेवटी.

पार्श्वभूमी थोडक्यात. १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला जाणारी पहिली प्रवासी गाडी इथल्याच बोरीबंदरहून सुटली. तेव्हाचे स्थानक साधे होते. आजच्या इमारतीचे काम ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने, म्हणजे जीआयपीने, १८७८ साली सुरू केले आणि ते १८८८ साली पुरे झाले. खर्च सुमारे १६ लाख रुपये. वास्तुकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. आराखडा हाती घेण्याआधी तो युरोपातली स्थानके पाहून आला होता. त्याच्याबरोबर सहायक अभियंता म्हणून रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य होते. हे नाव मराठी वाचकाने तरी विसरू नये. १८८७ साली, राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त, स्थानकाला व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव मिळाले. १९९६ साली ते छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ साली त्यात ‘महाराज’ जोडले गेले. युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतले ते २००४ साली.

निघण्याआधी

सगळे नीट पाहायला तीन ते चार तास हाताशी ठेवा. दर्शनी बाजू पश्चिमेला आहे, त्यामुळे सकाळी ती सावलीत असते, मागून ऊन येते आणि कोरीवकाम सपाट दिसते. दुपारी दोननंतर ऊन तिरपे पडू लागले की प्रत्येक खाच उठून दिसते. रात्रीची रोषणाई देखणी असली तरी रंगीत दिव्यांत दगडांचे मूळ रंग कळत नाहीत, म्हणून अभ्यासासाठी दिवसच हवा. सकाळी साडेआठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ या वेळात फलाटांच्या बाजूला फिरकू नका. तिथे उभे राहून वर पाहणारा माणूस कामावर निघालेल्यांच्या वाटेत येतो.

सोबत आठपट मोठे दाखवणारी दुर्बीण, वही, पेन्सिल आणि होकायंत्र (फोनमधले चालेल) घ्या. दुर्बीण नसेल तर निम्मी इमारत हुकते. वरच्या मजल्यांवरची शिल्पे साध्या डोळ्यांना नुसते उंचवटे वाटतात. फलाटावर जायचे तर १० रुपयांचे फलाट तिकीट लागते आणि ते दोन तास चालते. सणासुदीच्या गर्दीत त्याची विक्री बंद ठेवतात, तेव्हा त्या दिवसांत फलाटाचा भाग वगळूनच बेत करा. घुमटाखालचा भाग मध्य रेल्वेच्या मुख्यालयात येतो. तिथला वारसा विभाग कामकाजाच्या दिवशी ठरावीक वेळेतच लोकांना दाखवतात. वेळ आणि शुल्क आदल्या दिवशी विचारून घ्या, आणि शनिवार-रविवार गृहीत धरू नका. ट्रायपॉड लावून किंवा व्यवसायासाठी चित्रण करायचे असेल तर रेल्वेची लेखी परवानगी आधी काढावी लागते.

पहिली पायरी: रस्त्यापलीकडे उभे राहून आराखडा काढा

सुरुवात स्थानकाच्या दारातून करू नका. भुयारी मार्गाने रस्ता ओलांडून महापालिकेच्या मुख्य इमारतीसमोर, फिरोजशहा मेहतांच्या पुतळ्याच्या बाजूला या. अख्खी दर्शनी बाजू एका नजरेत मावेल इतके अंतर इथे मिळते. जवळून पाहिले तर घुमट पुढच्या भिंतीआड दबतो आणि इमारतीचे प्रमाण चुकीचे वाटते.

वहीत उत्तर वर धरा. उजवीकडे, म्हणजे पूर्वेला, एक उभी जाड पट्टी काढा. तिच्या दोन्ही टोकांपासून डावीकडे दोन हात काढा. मध्ये अंगण राहिले आणि त्याची उघडी बाजू पश्चिमेच्या रस्त्याकडे आली. चौसोपी वाड्याचा दर्शनी सोपा काढून टाकला तर जे उरेल, तीच ही मांडणी. आता उभ्या पट्टीच्या बरोबर मध्यावर गोल करा: तो घुमट. घुमटातून पश्चिमेकडे सरळ रेघ ओढा. हा इमारतीचा अक्ष. त्याच्या दोन्ही बाजू एकमेकींचे प्रतिबिंब आहेत. हातांच्या कोपऱ्यांवर चार मनोरे दाखवा. घुमट एकटा वर काढला असता तर इमारत मध्यात टोकदार आणि कडेला पडकी दिसली असती. ते वजन हे चार मनोरे सावरून धरतात.

मग रूळ काढा, आणि नेमकी इथेच बहुतेकांची गफलत होते. घुमट पश्चिमेकडे तोंड करून आहे म्हणून गाड्या त्याच्या पाठीमागून, पूर्वेकडून येत असतील असे वाटते. प्रत्यक्षात रूळ उत्तरेकडून येतात आणि इथे संपतात. म्हणजे गाड्यांची दिशा आणि इमारतीचा अक्ष एकमेकांना जवळपास काटकोनात आहेत. १ क्रमांकाचा फलाट दादाभाई नवरोजी मार्गाच्या अंगाला, तर १८ क्रमांकाचा दुसऱ्या टोकाला पी. डिमेलो मार्गाच्या अंगाला. हे नकाशात आले की आत शिरल्यावर दिशा चुकत नाही.

या मांडणीमागे साधे कारण आहे. कंपनीला शहरासमोर एक भारदस्त चेहरा हवा होता आणि मागे धूर, कोळसा, पाणी, मालाची ये-जा यांना मोकळी जागा हवी होती. दोन्ही एका छताखाली आणायचे तर एकाचे नुकसान ठरलेले. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकातही दर्शनी इमारत आणि गाड्यांची शेड अशी फोड आहे, आणि त्या स्थानकाचा प्रभाव इथे मानला जातो. फरक हा की तिथे पुढे हॉटेल आहे आणि इथे कचेऱ्या.

दुसरी पायरी: दर्शनी बाजू वरून खाली वाचा

दुर्बीण आधी घुमटाच्या टोकावर लावा. तिथली स्त्रीमूर्ती म्हणजे ‘प्रगती’: उजव्या हातात वर उचललेली मशाल, खाली सोडलेल्या डाव्या हाताशी आऱ्यांचे चाक. खालून ती बाहुलीएवढी दिसते, पण माणसाच्या दुपटीहून मोठी आहे. शिल्पकार इतक्या उंचीवर मूर्ती मुद्दाम मोठी आणि ठळक घडवतो, कारण बारकावे खाली पोचत नाहीत. मूर्तीखाली घुमट. तो गोल नसून आठ बाजूंचा आहे आणि प्रत्येक कोनावरून एक जाड दगडी फासळी वर जाते. समोरून दिसणाऱ्या फासळ्या मोजून पाहा. निम्म्या दिसतात, उरलेल्या पाठीमागे. इटालियन गॉथिक धाटणीच्या इमारतीवर असा फासळ्यांचा अष्टकोनी दगडी घुमट चढवणे हे त्या काळी नवे होते.

खाली आलात की मोठे घड्याळ, आणि त्याच्याखाली एक रिकामा कोनाडा दिसेल. तिथे राणी व्हिक्टोरियाचा पुतळा होता. स्वातंत्र्यानंतर तो हलवला गेला. कोनाडा मुळातच पुतळ्यासाठी घडवला असल्याने आज ती जागा अपुरी वाटते, आणि वाटणारच.

दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी शिखरांकडे वळा. शेती, व्यापार, अभियांत्रिकी आणि विज्ञान यांच्या प्रतीकमूर्ती इथे आहेत. ही मोठी शिल्पे थॉमस अर्पची. त्यानंतर खिडक्यांच्या ओळी. तळमजल्यावरच्या कमानी रुंद आणि जाड आहेत, वर जाताना त्या अरुंद होतात आणि संख्येने वाढतात. भिंतीवरचा भार वर कमी होत जातो, म्हणून हे जमते. कमानींच्या मागे खोल ओवऱ्या आहेत. नुसत्या सजावटीसाठी इतकी जागा कोणी सोडत नाही. पश्चिमेचे दुपारचे ऊन आणि नैर्ऋत्येचा पाऊस या दोन्हींपासून आतल्या खोल्या वाचवण्याचा हा उपाय आहे. युरोपातल्या गॉथिक इमारतींत खिडकी थेट बाहेरच्या भिंतीत असते. इथे खिडकीपुढे सावलीचा एक थर उभा केला आहे. इमारत मुंबईची आहे ती यामुळे. घुमटावरून तिला भारतीय म्हणायची जी सवय आहे, तिच्यापेक्षा मला ही ओवऱ्यांची साक्ष जास्त भक्कम वाटते.

तिसरी पायरी: दगड ओळखा

आता रस्ता ओलांडून जवळ या. भिंतींचा मोठा भाग पिवळसर आहे. हा मालाडचा ज्वालामुखीजन्य दगड. ताशायला बरा आणि हवेला टिकाऊ. नाजूक कोरीवकामासाठी मऊ चुनखडी आणि वालुकाश्म वापरले आहेत. त्या काळच्या मुंबईत अशा कामासाठी पोरबंदरची चुनखडी सर्रास येई. काळवत्री, म्हणजे काळा बेसाल्ट, कठीण; तिच्यावर पानाच्या शिरा काढायला बसले तर छिन्नी बोथट होते आणि दिवस जातो. म्हणून जिथे झीज आणि भार तिथे कठीण दगड, जिथे वेलबुट्टी तिथे मऊ दगड, आणि आतल्या मानाच्या जागी इटालियन संगमरवर, ही वाटणी.

ओळखायची रीत सोपी आहे. सावलीतल्या भागात तिरप्या नजरेने पाहा: चुनखडीचा कण बारीक, रंग दुधी ते मळकट पांढरा, कडा गोलावलेल्या. मालाडच्या दगडाचा रंग फिकट पिवळ्यापासून तपकिरीपर्यंत बदलतो, पण कडा धारदार राहतात. पावसाच्या सरीनंतर लगेच पाहिले तर फरक आणखी उठतो. पिवळा दगड गडद होतो आणि काळवत्री जवळपास काळी. नखाने किंवा किल्लीने ओरखडा काढून पाहायचा मोह होतो. तो करू नका. तो गुन्हा तर आहेच, शिवाय चुनखडीवरचा ओरखडा पुढच्या पावसाळ्यात पाणी धरतो.

दगड कशाने बिघडतो ते इथे प्रत्यक्ष पाहता येते.

चुनखडीला आम्ल चालत नाही. वाहनांच्या आणि इंधनाच्या धुरातला गंधक पावसात मिसळला की चुनखडीचे जिप्सम होते. जिथे पावसाचे पाणी थेट लागते तिथला दगड धुपून गुळगुळीत होतो, आणि कमानीच्या पोटात किंवा कंगोऱ्याच्या खाली, जिथे पाणी धुऊन नेत नाही, तिथे काळे कवच चढते. ते काळे म्हणजे नुसती धूळ नव्हे. ते खरवडून काढले तर कोरीवकामाचा वरचा थर त्याच्याबरोबर निघतो. त्यामुळे वाळूचा मारा करून केलेली झटपट सफाई जुन्या दगडाला घातक ठरते. मंद फवारा, ओले लेप आणि मऊ ब्रश हीच सुरक्षित रीत.

दुसरा बिघाड सांध्यांतला. मूळ बांधकाम चुन्यातले. चुना दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो, त्यामुळे भिंतीतली ओल सांध्यातून बाहेर पडते. असा सांधा कधी सिमेंटने भरला की ओल अडते, मग ती दगडातूनच बाहेर येऊ लागते. तिच्याबरोबर आलेले क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. कोणत्याही जुन्या दगडी इमारतीत करडा, कडक, चकचकीत सांधा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खवलेला दगड एकत्र दिसला, तर कारण बहुधा हेच असते.

तिसरा, दगड जोडणाऱ्या लोखंडी आकड्यांचा. समुद्राच्या खाऱ्या हवेत ते गंजतात, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि दगड आतून फाटतो. सरळ रेषेत गेलेली तडा आणि तिच्याभोवती तांबूस डाग ही त्याची खूण. आणि पिंपळ. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी पन्हळीत पडते, दोन पावसाळ्यांत मूळ सांध्यात शिरते. रोप नुसते उपटले तर मूळ आत राहून पुन्हा फुटते. मुळाला औषध लावून ते मेल्यावरच सांधा उघडायचा असतो.

चौथी पायरी: पाण्याची वाट शोधा

मुंबईत वर्षाला २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. इतके पाणी उतरत्या छपरांवरून भिंतीवर ओघळले तर चुन्याचे सांधे टिकणार नाहीत. म्हणून छपराच्या कडेला पन्हळी, आणि भिंतीपासून लांब पाणी फेकणारी दगडी मुखे. ही मुखे म्हणजे प्राण्यांची डोकी. आपल्या देवळांतले गोमुख किंवा मकरमुख जे काम करते तेच हे करतात.

मात्र भिंतीवरचा प्रत्येक प्राणी पाणी ओकत नाही. मुख खरे आहे की नुसते शिल्प, हे ठरवायला तीन गोष्टी पाहा. प्राणी भिंतीपासून बराच पुढे झेपावलेला आहे का, तोंड उघडे असून आत नळी आहे का, आणि त्याच्या थेट वर पन्हळीची पातळी जुळते का. तिन्ही असतील तर ते मुख. भिंतीला चिकटलेली, तोंड मिटलेली किंवा कमानीच्या पायथ्याशी बसलेली विचित्र डोकी ही केवळ शिल्पे. जोराच्या सरीत समोरच्या पदपथावर छत्री घेऊन उभे राहिलात तर कोणते मुख अजून वाहते हेही कळते. अशा इमारतींत पुढे नळ बसवतात, आणि नळ तुंबला की त्याच्या मागच्या भिंतीवर हिरवट उभा पट्टा उमटतो. इमारतीची निगा तपासायची असेल तर मूर्तींपेक्षा असे पट्टे आधी शोधावेत.

पाचवी पायरी: फाटक आणि अंगण

फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. दोघे एकाच मापाचे आणि एकाच पातळीवर बसवले आहेत. वसाहतकाळातल्या इमारतीवर ही बरोबरी कोणाच्या नजरेतून सुटू नये.

इथून दर्शनी भिंतीवरची गोल पदके पाहा. रेल्वेशी आणि मुंबईच्या कारभाराशी जोडलेल्या व्यक्तींचे मुखवटे त्यांत कोरले आहेत. साहेबांच्या रांगेत जगन्नाथ शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभाई हे दोघे शोधायचे. शोधायला दाढीमिशा पाहू नका, डोक्यावर काय आहे ते पाहा. पागोटे आणि पारशी पगडी लांबूनही वेगळी ओळखू येते. जीआयपीचे बोधचिन्हही भिंतीवर आहे, आणि त्यात हत्ती आणि वाफेचे इंजिन एकत्र आहेत.

मग खिडक्यांवरच्या कमानींच्या पोटातले अर्धगोल कोरीव भाग. पिसारा फुलवलेला मोर इथला सर्वांत देखणा. पिसाऱ्याचा पंखा कमानीच्या आकारात इतका चपखल बसतो की आधी कमान आखली की आधी मोर, असा प्रश्न पडावा. खांबांच्या शीर्षांवर पाने, पक्षी, माकडे. हे काम बॉम्बे स्कूल ऑफ आर्टच्या, म्हणजे आजच्या जे. जे. स्कूलच्या, विद्यार्थ्यांचे. जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली त्यांनी दगडाबरोबरच लाकडी कोरीवकाम, तिकीटखिडक्यांच्या जाळ्या आणि जिन्यांचे लोखंडी व पितळी कठडेही घडवले. एका ओळीतली लागोपाठची पाच शीर्षे घ्या आणि वहीत फक्त बाह्यरेषा काढा. पाचही वेगळी निघतात. साच्यातून काढलेल्या कामात हे कधी होत नाही.

सहावी पायरी: घुमटाखाली

आत शिरल्यावर लगेच वर पाहू नका. मधोमध उभे राहून आधी जिना पाहा. पायऱ्यांचे एक टोक भिंतीत रोवलेले आणि दुसरे अधांतरी. खाली खांब नाही, तुळई नाही. हे उभे कसे राहते? प्रत्येक पायरी खालच्या पायरीच्या कडेवर टेकलेली असते. पावलाचा भार पायरीला पुढे पिळू पाहतो, खालची पायरी तो पीळ अडवते, आणि असे करत भार भिंतीत आणि जमिनीत उतरतो. म्हणून अशा जिन्यात एक पायरी सैल झाली की ते दुखणे एकटीचे राहत नाही. भिंतीत रोवलेल्या टोकाजवळ तारांसाठी भोके पाडणे किंवा जिन्यावर जड कपाटे उतरवून ठेवणे हे अशा जिन्याला सगळ्यांत घातक. खालून पायऱ्यांचा तळ पाहा. घडीव दगडांचे सांधे एकसारखे सरकत वर जाताना दिसतात.

आता वर. घुमटाच्या फासळ्या बाहेरून जितक्या दिसल्या त्यांच्या दुप्पट इथे मोजता येतात. एवढा घुमट बांधायचा तर नेहमीची रीत अशी की खालून लाकडी सेंटरिंग उभारायचे, त्यावर दगड रचायचे आणि चुना धरल्यावर लाकूड काढायचे. इथे ते केले नाही. फासळ्यांचे दगड एकमेकांत खाचा घालून अडकवले. प्रत्येक थर पूर्ण फेरी घेऊन बंद झाला की तो आत कोसळू शकत नाही, कारण कोसळायला त्याला आणखी लहान व्हावे लागेल आणि शेजारचे दगड ते होऊ देत नाहीत. अडचण असते ती थर अर्धवट असताना. ती वेळ या खाचांनी निभावली. गवंड्यांचे हे काम मला या इमारतीतल्या कोणत्याही मूर्तीपेक्षा मोठे वाटते.

रंगीत काचांच्या खिडक्यांत जीआयपीची अक्षरे आणि वेलबुट्टी आहे. दुपारी सूर्य पश्चिमेला आला की त्या उजळतात. सकाळी त्याच काचा मळकट वाटतात.

सातवी पायरी: स्टार चेंबर

उत्तरेकडच्या हातातले तळमजल्यावरचे हे दालन आजही तिकीटघरच आहे, त्यामुळे ते पाहायला वेगळी परवानगी लागत नाही. रांगेत उभे न राहता भिंतीलगत थांबा. छताला गडद निळ्यावर सोनेरी तारे होते, त्यावरून हे नाव. तारे, निळा, सोनेरी आणि गडद लाल अशी मूळ रंगसंगती होती. भिंतींना ब्रिटनच्या मॉ अँड कंपनीच्या चकचकीत फरशा लावल्या होत्या. खाली इटालियन संगमरवर आणि घासून चमकवलेला निळसर देशी दगड.

छताच्या फासळ्या खांबांवर एकत्र येतात तो बिंदू पाहा. तिथे दगडी पानांचा गुच्छ आहे, आणि पानांत लपलेले चेहरे. फासळ्या, खांब, जमीन या क्रमाने बोट फिरवत गेलात की भार कसा उतरतो ते कळते. खांबांमधल्या भिंती भार घेत नाहीत, म्हणूनच त्यांत इतकी मोठी उघडी तोंडे ठेवता आली आणि गर्दीला एकाच वेळी अनेक वाटा मिळाल्या. दिसायला देवळाच्या सभामंडपासारखे असले तरी हे दालन गर्दी वाहून नेण्यासाठी आखले आहे. तिकीटयंत्रे, पाट्या आणि वायरी यांनी आज ते बरेच झाकले गेले आहे. नजर खांबाच्या मध्याच्या वर ठेवली की जुने दालन परत दिसू लागते.

आठवी पायरी: फलाटांकडे

मूळ आराखड्यात गाड्यांच्या शेडची लांबी १२०० फूट, म्हणजे सुमारे ३६६ मीटर, आणि तिच्या टोकाला ३३० फुटांचा, म्हणजे १०० मीटरचा, आडवा फलाट. सगळे उभे फलाट या आडव्या पट्टीला येऊन मिळतात. दंताळ्याचा आकार डोळ्यांपुढे आणा; टर्मिनस म्हणजे हाच आकार. प्रवाशाला पूल चढावा लागत नाही, कुठल्याही फलाटावर सपाट चालत जाता येते. हा त्याचा मोठा फायदा.

तोटा इंजिनाला. गाडी बफरला टेकली की इंजिन आत अडकते. लांब पल्ल्याची गाडी बाहेर काढायला दुसऱ्या टोकाला दुसरे इंजिन लागते. लोकलला दोन्ही टोकांना चालकाची खोली असते. चालक आणि गार्डने जागा बदलली की गाडी निघायला तयार. एकूण १८ फलाटांपैकी लोकलला फक्त ७ पुरतात ते यामुळे. १ आणि २ हार्बरचे, ३ ते ७ मेन लाईनचे, ८ ते १८ मेल-एक्स्प्रेसचे. विजेवरची गाडी देशात पहिल्यांदा धावली तीही इथूनच कुर्ल्यापर्यंत, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी.

आता एक हिशेब करा. नव्या धाटणीचा डबा सुमारे २४ मीटरचा. २४ डब्यांची गाडी ५७५ मीटरच्या घरात जाते, म्हणजे जुन्या शेडच्या दीडपटीहून जास्त. म्हणून मेल-एक्स्प्रेसच्या फलाटांवर चालत गेलात की एका ठिकाणी छत बदलते आणि पुढे फलाट कितीतरी लांब जातो. १२ डब्यांची लोकल मात्र ३६६ मीटरांत सहज मावते. छपरांची उंची, कैच्यांचा आकार, खांबांचे साहित्य (ओतीव लोखंड, रिव्हेट मारलेले पोलाद, वेल्डिंगचे पोलाद, काँक्रीट) जिथे बदलते तिथे वहीत खूण करा. रिव्हेटची गोल डोकी दिसली की तो भाग जुना समजायला हरकत नाही. साफ वेल्डिंग असेल तर अलीकडचा. स्थानक किती हप्त्यांत वाढले हे अशा खुणांवरून फलकांशिवाय कळते.

लांब पल्ल्याच्या गाड्यांसमोरचे मोठे दालन १९२९ च्या विस्तारातले. ते मूळ इमारतीशी शैलीने जुळत नाही आणि जुळवायचा प्रयत्नही केलेला नाही. याच दालनात २६ नोव्हेंबर २००८ रोजी प्रवाशांवर गोळीबार झाला. तिथे थांबणाऱ्याने हे ठाऊक असू द्यावे.

पुनर्विकासाचे काम हाती घेतल्यापासून पत्रे आणि वळवलेल्या वाटा भेटतात. वारसा यादीत नोंदलेले क्षेत्र २.८५ हेक्टर आहे आणि त्याभोवती ९०.२१ हेक्टरचा संरक्षक पट्टा. नवे काही उंच उभे राहताना दिसले तर ते यांपैकी कशात येते हे आधी नकाशावर तपासावे, नुसत्या नजरेने मत बनवू नये.

शेवटी परत रस्त्यापलीकडे

पहिली जागा आठवत असेल, तिच्या पाठीशीच स्टीव्हन्सची दुसरी इमारत आहे. महापालिकेचे हे मुख्यालय १८९३ साली पुरे झाले. वही उघडी ठेवा आणि तोच क्रम इथे लावा. इथे भूखंडच पाचरीसारखा, दोन रस्त्यांच्या बेचक्यात. मधे अंगण सोडून हात पसरायला समोर जागा नाही. म्हणून स्टीव्हन्सने टोकावर उंच मनोरा चढवला आणि दोन्ही बाजू रस्त्यांना समांतर मागे नेल्या. दगडांची जोडी, खोल ओवऱ्या, मुखांची डोकी, घुमटाची चढण या गोष्टी दोन्हींकडे ताडून पाहा. काय जसेच्या तसे आले आणि जागेमुळे काय बदलले यांच्या दोन याद्या करा. पालिकेच्या शिखरावरच्या पंख असलेल्या मूर्तीलाही दुर्बीण लावा. ती ‘अर्ब्स प्रायमा इन इंडिस’, म्हणजे हिंदुस्थानातल्या पहिल्या नगरीची, आणि तिच्या समोर रस्त्यापलीकडे मशाल घेतलेली ‘प्रगती’. वेळ उरलाच तर चर्चगेटला जा. तिथे पूर्वीच्या बीबीसीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेचे, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेचे, मुख्यालय आहे, १८९९ चे, तेही स्टीव्हन्सचेच. इमारतीत कचेऱ्या आणि गाड्या मात्र शेजारच्या स्थानकात. बोरीबंदरला एकमेकींना चिकटलेल्या दोन गोष्टी तिथे मोकळ्या सोडल्या आहेत, आणि त्यामुळे चौथी बाजूही चालत फिरून पाहता येते.